अस्सल नक्कल

आमच्या शहरात आलेला पाहुणा बिबी का मकबऱ्यासमोर उभा राहिला की एक वाक्य हमखास बोलतो. ते बोलल्याशिवाय तिकिटाचे पैसे वसूल झाल्यासारखं त्याला वाटतच नाही. "अच्छा, म्हणजे हाच तो डुप्लिकेट ताजमहाल!" हे वाक्य जगात आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं, असा भाव चेहऱ्यावर असतो. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने ते जन्मात इतक्यांदा ऐकलेलं असतं, की पाहुण्याने 'डु' म्हणताच तो पुढची अक्षरं मनात पूर्ण करतो आणि विषय नान खलियाकडे वळवतो.

मी वळवत नाही. मी विचारतो, "डुप्लिकेट कशावरून? मॅट्रिक्स नंबर पाहिलात?"

पाहुणा गोंधळतो. मला जुन्या रेकॉर्डी जमवण्याचा नाद आहे, आणि हा नाद जडलेल्या माणसाला जगातली प्रत्येक वस्तू मूळ छाप की चोरटा छाप एवढ्याच दोन खणांत दिसते. आग्र्याचा ताज ज्या उस्ताद अहमद लाहोरीचा, त्याच्याच मुलाने, अताउल्लाने, हंसपतरायच्या साथीने सतराव्या शतकात औरंगजेबाच्या बेगमेचा, दिलरस बानूचा, हा मकबरा बांधला. म्हणजे साचा घरातलाच. बजेट मात्र औरंगजेबाचं. खर्चाचा आकडा सांगितला जातो तो ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. वरचे सात आणेसुद्धा ज्याच्या हिशोबातून सुटत नाहीत, त्याच्या कामात संगमरवर घुमटापुरता आणि खालच्या पट्ट्यापुरताच येणार; बाकी गिलावा. आमच्या जमातीत याला चोरटी प्रत म्हणत नाहीत. याला म्हणतात, 'त्याच कंपनीचं दुसरं प्रेसिंग, जरा हलक्या मटेरियलमध्ये'.

एवढं ऐकल्यावर पाहुणा स्वतःहूनच नान खलिया कुठे चांगला मिळतो ते विचारतो.

आमच्या जमातीचे लोक ओळखायचे असतील तर गुरुवारी छावणीच्या बाजारात जावं. नाहीतर गुलमंडी-औरंगपुऱ्याकडचा एखादा वाडा पाडून तिथे अपार्टमेंट होणार अशी बातमी आली, की त्या वाड्याच्या दारात पाहावं. बिल्डरच्याही आधी तिथे एक माणूस पोचलेला असतो. त्याला जागेत रस नसतो, माळ्यात असतो. घरमालकाच्या आजोबांबद्दल तो इतक्या आपुलकीने चौकशी करतो, की घरच्यांना वाटतं हा दूरचा नातेवाईक हिस्सा मागायला आलाय. त्याला फक्त एवढंच जाणून घ्यायचं असतं की आजोबांकडे ग्रामोफोन होता का, आणि असल्यास आजोबांची आवड भजनांची होती की बाकीची.

बाजारातला व्यवहार याहून नाजूक. विकणाऱ्याकडे पंपाचे भाग, मिक्सरची भांडी, फर्स्ट कॉपीचे बूट आणि त्यांच्या खाली रेकॉर्डींचा गठ्ठा असतो. हवी असलेली रेकॉर्ड गठ्ठ्यात दिसली, तरी तिच्याकडे बघायचं नाही, हा पहिला नियम. तिच्यावरच्या आणि खालच्या दोन-तीन रेकॉर्डींवर प्रेम असल्याचं दाखवायचं, आणि "हीपण राहू द्या" म्हणून ती हळूच उचलायची. या डावपेचाचा परिणाम असा होतो, की प्रत्येक संग्राहकाच्या घरी त्याला हव्या असलेल्या रेकॉर्डी थोड्या आणि न आवडणाऱ्या आरत्या, पोवाडे आणि इंग्रजी संभाषण शिकवणारे धडे ढिगाने असतात.

"साब, एकदम वरिजनल है," विकणारे चाचा म्हणतात.

"कशावरून, चाचा?"

"अरे देखो ना, कित्ती गर्द है इसपे!"

चाचांच्या शास्त्रात धूळ हा अस्सलपणाचा दाखला आहे, आणि पुसून आणलेल्या मालावर त्यांचा विश्वास नाही. आमचं शास्त्र वेगळं असलं तरी फार शहाणपणाचं आहे असं नाही.

रेकॉर्ड हातात आली की सामान्य माणूस गाण्याचं नाव वाचतो. पारखी ते वाचतच नाही. तो रेकॉर्ड उन्हात तिरकी धरतो. गाणं संपल्यावर लेबल लागेपर्यंत जो गुळगुळीत काळा पट्टा असतो, त्यावर भिंग नेतो आणि श्वास रोखतो. या पट्ट्यात एकही सूर नाही. तिथे असतो कारखान्याचा क्रमांक, म्हणजेच मॅट्रिक्स नंबर. गाणं कुणीही चोरतो. त्या पट्ट्यातली अक्षरं जशीच्या तशी चोरायला मेहनत पडते, आणि मेहनतीची तयारी असती तर तो माणूस चोरी कशाला करता? अमेरिकन रेकॉर्डींवर कुठे न्यूयॉर्कच्या बेल साऊंड स्टुडिओचा ठसा ठोकलेला असतो, कुठे लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्याचा छोटासा त्रिकोण आणि पुढे आकडा. चोरट्या छापावर ठशाच्या जागी कुणीतरी टोच्याने घाईघाईत खरडलेलं दिसतं. कुठल्या कंपनीचे आकडे ठोकलेले आणि कुठल्या कंपनीचे मुळातच हाताने खरडलेले, हे मात्र पाठ असावं लागतं. नाहीतर अस्सल टाकून नक्कल घरी येते. पैठणी घेणारी जाणती बाई आधी पदर उलटा करून पाहते, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी परीक्षा कानाची. चोराकडे मूळ साचा नसतो, म्हणून तो एखादी जुनी रेकॉर्ड वाजवून तिच्यावरून नवा साचा काढतो. त्या जुन्या रेकॉर्डीची खरखरही साच्यात उतरते. मग कोरी करकरीत, एक ओरखडा नसलेली रेकॉर्ड सुईखाली ठेवावी, तर आतून पन्नास वर्षं झिजल्याचा आवाज येतो. ही खरखर छापील असते! सुई बदला, रेकॉर्ड धुवा, नवस बोला, जात नाही. तिसरी परीक्षा लेबलची: लेबलचा फोटो काढून पुन्हा छापलेलं असलं, की बारीक अक्षरं सुजतात. तेवढ्या सुजेवरून गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो आणि विकणाऱ्याची किंमतही.

आमच्या मराठवाड्यात आणखी एक परीक्षा करता येते, ती पाकिटावरच्या दुकानाच्या चिठ्ठीची. पत्त्यात 'औरंगाबाद (दक्षिण)' असेल तर माल निजामी वळणाचा. पुढे 'महाराष्ट्र' लिहिलेलं असेल तर १९६० नंतरचा. उद्या कुणी नवं रेकॉर्डींचं दुकान काढलं, तर त्याच्या 'छत्रपती संभाजीनगर' छापलेल्या चिठ्ठीवरून शंभर वर्षांनी एखादा संग्राहक भिंग पुसत म्हणेल, "हं, २०२३ नंतरची." इतिहासाचा एवढा निरुपद्रवी उपयोग आमच्याशिवाय कोणीच करत नसेल.

आता या सगळ्या खटाटोपातली गंमत पाहा. आम्ही ज्या वस्तूचा अस्सलपणा शोधतो, ती मुळात नक्कल असते. गवयी गायचा, ते मेणाच्या तबकडीवर कोरलं जायचं. त्यावरून धातूचा उलटा साचा, त्यावरून सुलटा, त्यावरून पुन्हा उलटा, आणि त्या शेवटच्या साच्याखाली लाखेचा गोळा दाबला की रेकॉर्ड. जे खरोखर मूळ होतं, ते मेण तर साचा काढतानाच खराब होऊन जायचं. म्हणजे जगात कुठल्याही गाण्याची 'ओरिजिनल' रेकॉर्ड नाही. आहेत ती पणतवंडं. त्यातली कायदेशीर लग्नाची कोणती, एवढाच आमचा वाद.

आपल्याकडे हे वंशावळीचं काम सुरुवातीला गायकांनाच करावं लागलं. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२मध्ये कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात त्याने गौहर जान यांचं गाणं भरलं. गाणं झालं की बाई ठसक्यात इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. रसिकांना तो नखरा वाटला. कारण साधं होतं: तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जायच्या, आणि हे नक्की कोण गातंय हे तिथल्या कामगारांना कळायला दुसरा उपाय नव्हता. बाई स्वतःच मॅट्रिक्स नंबर झाल्या होत्या. रेकॉर्डीला लागणारी लाखही मुख्यतः आपल्याच देशातली. म्हणजे लाख इथली, गाणं इथलं, आणि दोघांची गाठ पडायची हॅनोवरला. १९०८मध्ये सियालदहला कारखाना निघाला, पुढे १९२८मध्ये तो डमडमला गेला, आणि निदान भाडं तरी वाचलं.

त्याच कंपनीच्या लेबलवर भोंग्यासमोर मान तिरकी करून बसलेला कुत्रा असतो. अस्सलपणाचं याहून मोठं चिन्ह आमच्या धर्मात नाही. पण फ्रान्सिस बॅरॉडने ते चित्र पहिल्यांदा काढलं, तेव्हा कुत्र्यासमोर दुसऱ्याच जातीचं यंत्र होतं, सिलिंडरवर चालणारा फोनोग्राफ. ग्रामोफोन कंपनीला चित्र हवं होतं, यंत्र नको होतं. तेव्हा १८९९ साली बॅरॉडने त्या फोनोग्राफवर रंग फासून वर ग्रामोफोन रंगवून दिला. ज्या शिक्क्यावरून आम्ही जगाची पारख करतो, तो शिक्काच असा खाडाखोड करून झालेला आहे. कुत्रा मात्र अस्सल.

नावांचा गोंधळ तर विचारूच नका. १९४९च्या 'महल' चित्रपटातलं लताबाईंचं ते गाजलेलं गाणं पहिल्यांदा रेकॉर्डीवर आलं, तेव्हा गायिकेच्या जागी नाव होतं 'कामिनी'. कामिनी म्हणजे पडद्यावरची मधुबाला. श्रोत्यांनी गायिका कोण म्हणून आकाशवाणीला भंडावून सोडल्यावर खरं नाव बाहेर आलं. परिणाम असा, की ज्या रेकॉर्डीवर गायिकेचं नाव चुकीचं आहे ती पहिल्या छापाची म्हणून मोलाची, आणि ज्यावर बरोबर आहे ती नंतरची. सत्य छापलं की भाव पडतो, हे वर्तमानपत्रांच्या आधी रेकॉर्डवाल्यांना कळलं होतं.

कुणाला वाटेल हे वेड आपल्याकडचंच. तसं नाही. इंग्लंडच्या उत्तर भागातल्या गिरणी-कारखान्यांच्या गावांनी आपल्यावर मात केली आहे. तिथल्या पोरांना साठच्या दशकातल्या अमेरिकन सोल संगीतावर नाचायचं वेड लागलं. त्यातही अट अशी, की अमेरिकेत जे गाणं आपटलं तेच भारी. विगन गावच्या कसिनोत १९७३पासून १९८१पर्यंत रात्र रात्र हे नाच चालले. आपटलेलं गाणं म्हणजे थोड्या प्रती, आणि थोड्या प्रती म्हणजे भांडण. वाजवणारे डीजे मूळ लेबलवर कागद चिकटवून त्यावर भलतंच नाव लिहायचे, म्हणजे शेजारच्या डीजेला ते गाणं शोधता येऊ नये. पंगतीला बोलवायचं, पण आचाऱ्याचा पत्ता द्यायचा नाही!

त्यातली सगळ्यात मोठी दंतकथा फ्रँक विल्सन याच्या 'डू आय लव्ह यू' या १९६५च्या रेकॉर्डीची. मोटाऊन कंपनीने ती 'सोल' नावाच्याच लेबलवर छापली आणि बाजारात आणण्याआधीच रद्द केली. हाती लागल्या त्या प्रती दोन-चार. इंग्लंडमध्ये ती आधी एडी फॉस्टर या दुसऱ्याच गायकाच्या नावाखाली वाजवली गेली, आणि चोरांनी विश्वासाने त्याच खोट्या नावाने चोरट्या प्रती काढल्या. म्हणजे नकली नावाची नकली रेकॉर्ड. मूळ प्रत २००९मध्ये पंचवीस हजार पौंडांच्या वर गेली. त्याच गाण्याची रीतसर नवी आवृत्ती कंपनीने १९७९मध्येच काढली होती आणि ती कुणालाही खिशातल्या पैशात घेता येत होती. गाणं तेच. बाकीचे पैसे काळ्या पट्ट्याचे.

अजूनही तिकडे काही नाचांना नियम असतो की वाजेल ती मूळ छापाचीच रेकॉर्ड. नाचणाऱ्याच्या पायाला फरक कळत नाही, भिंतींना कळत नाही. पण चोरटा छाप लावलेला डीजे दुसऱ्या दिवशी गावात तोंड दाखवू शकत नाही.

आमच्याकडे परीक्षा वेगळ्या, पण तत्त्व तेच. पॉलिडॉरने काढलेली 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड इतकी खपली, की तिच्या दर्शनाने संग्राहकाचं काळीज हलत नाही. हलतं ते आठवड्यात उतरलेल्या चित्रपटाच्या चार गाण्यांच्या छोट्या ईपीने. निर्मात्याचं घर गेलं, नायक पुन्हा दिसला नाही, संगीतकार गावी परतला. त्या सर्वांच्या दुःखावर आमचा आनंद उभा आहे. मग कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांचा हिंदी फिल्म गीत कोश उघडायचा, रेकॉर्डीचा क्रमांक जुळवायचा आणि जुळला की बायकामुलांना हाक मारायची. कुणी येत नाही. मुंबईत १९९०मध्ये सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, ती बहुधा अशा हाका ऐकणारं कुणीतरी हवं म्हणूनच. विदेशी संग्राहकही आपल्याकडे येतात, पण बीटल्ससाठी. बाकी जगाने ७८ गतीच्या रेकॉर्डी मोडीत काढल्या, तेव्हा आपल्या डमडमला बीटल्ससुद्धा त्याच गतीवर छापले जात होते, चावीच्या ग्रामोफोनवर वाजावेत म्हणून. ज्याला आपण मागासलेपण म्हणून लाजलो, ते आता लिलावात विकलं जातं.

आणि एवढ्या कष्टाने मिळवलेली अस्सल रेकॉर्ड कोणी ऐकतं का? छे! प्रत्येक वेळी सुई फिरली की ती झिजते. म्हणून अस्सल कपाटात, दोन पाकिटांच्या आत, उभी, उन्हापासून दूर. आणि ऐकायला मात्र नवी आवृत्ती, किंवा कुणी बघत नसेल तर फोन. घरात राबते ती नक्कल. अस्सल सत्काराला बसते.

या सगळ्याकडे पाहता आमचा जिल्हा नकलेच्या या धंद्याची राजधानी व्हायला हरकत नव्हती. मकबऱ्याचं झालंच. हिमरूचं घ्या. सोन्याचांदीच्या तारेचा किनखाब परवडेना, तेव्हा तशीच शोभा सुती आणि रेशमी धाग्यांत आणणारं हे कापड. पुढे त्याच नकलेला इतका मान मिळाला, की आता यंत्रमागावरच्या हिमरूला लोक 'नकली' म्हणून नाक मुरडतात. आणि वेरूळचं कैलास? आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात ते कोरलं गेलं. जाणकार त्याचा आराखडा पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जोडतात, आणि विरूपाक्षाचा कांचीच्या कैलासनाथाशी. म्हणजे नकलेची नक्कल. पण तीत एकही दगड रचलेला नाही. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणलेलं, एकाच टेकमध्ये, रीटेकची सोय नसताना. ज्याने असं गाणं म्हटलं, त्याला मूळ गायक कोण विचारायची हिंमत कुणाची आहे? नकलेची लाज वाटायचं कारणच नाही. ती समोरून शिकून केली, की खिडकीतून चोरून केली, आणि करणाऱ्याने त्यात स्वतःचं काय घातलं, एवढंच बघायचं.

चोरून केलेल्यांतही गोत्रं आहेत. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि सगळा सोवळेपणा पाण्यात गेला. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या एका तरतुदीच्या वाटेने टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी जुनी गाणी नव्या आवाजांत गाऊन घेऊन स्वस्तात विकली. ती कायद्याला चालली, कानाला कुरकुरली. त्याच्याही खालची पायरी म्हणजे गल्लोगल्ली 'कॅसेट भरून मिळेल' अशी पाटी लावलेलं दुकान. आपण वहीच्या कागदावर यादी लिहून द्यायची. दुकानदार विचारायचा, "साठची की नव्वदची?" संध्याकाळी कॅसेट तयार. एका बाजूला जागा उरली की तो स्वतःच्या आवडीचं एखादं गाणं भरायचा, आणि जागा कमी पडली की आपलं गाणं अंतऱ्यात कापायचा. ही निखालस चोरी होती. तिच्यात ना परवानगी, ना पैसे, ना लाज.

माझ्या आत्याची अशी एक कॅसेट माझ्याकडे आहे. यादी तिची, अक्षर तिचं, क्रम तिने स्वयंपाकाच्या वेळेनुसार लावलेला. ना. घ. देशपांडे यांच्या 'शीळ'नंतर थेट आर. डी. बर्मन येतो, आणि मधेच दुकानदाराच्या आवडीची एक कव्वाली. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं अर्ध्यात तुटतं. आमच्या घरात ते गाणं आजही तिथेच संपतं. पुढचा अंतरा कुठे ऐकू आला, तर कुणीतरी गाण्यात ढवळाढवळ केल्यासारखं वाटतं. कारखान्याने हजारोंनी काढलेल्या ज्या मालाला आम्ही दुर्मीळ म्हणतो, त्याच्या प्रती जगात कुठे ना कुठे असतातच. या कॅसेटची दुसरी प्रत निघालीच नाही. नियमाने पाहिलं तर माझ्या संग्रहात खऱ्या अर्थाने एकमेव अशी हीच वस्तू आहे, आणि ती शंभर टक्के चोरीची आहे.

मध्यंतरी पुण्याचे एक ज्येष्ठ संग्राहक घरी आले होते. रेकॉर्डी पाहून झाल्या, काही छापांवर त्यांनी पुणेरी पद्धतीने शंका घेतल्या, काहींना मान डोलावली. मग मी ही कॅसेट त्यांच्या हातात ठेवली आणि वरचा सगळा युक्तिवाद ऐकवला. त्यांनी भिंग काढलं. कॅसेटची एक बाजू पाहिली, दुसरी पाहिली, आत्याचं अक्षर संशोधकाच्या गांभीर्याने वाचलं.

"यावर नंबर कुठेय?" त्यांनी विचारलं.

"नाहीये."

"मग आम्ही हिची नोंद कशाखाली करायची?"

मी ती त्यांना विकली नाही. त्यांनाही ती नको होती. त्यामुळे एवढ्या मौल्यवान वस्तूवरून दोन संग्राहकांत जराही कटुता आली नाही, असा हा आमच्या क्षेत्रातला पहिलाच व्यवहार असावा.